बावीस मेकॅनिक, एक डॅशबोर्ड

सोमवार, ३ जून. सकाळी ९.१०
आजपासून शिस्त. आपली लिफ्टदुरुस्तीची कंपनी, मेकॅनिक बावीस, आणि कुणाला काय येतं याची कुठे नोंद नाही. सगळं टेलिफोनवरच्या बाईंच्या डोक्यात. फोन आला की त्या क्षणभर छताकडे बघतात आणि कुणाला तरी पाठवतात. अकरा वर्षं हेच. साहेबांनी स्किल-ट्रॅकिंगचं ॲप घेतलंय, जबाबदारी माझी. म्हटलं, आठवड्यात सगळ्यांची कौशल्यं मोबाइलवर दिसतील. साहेब म्हणाले, बघा. म्हणजे विश्वास आहे.

मंगळवार, ४ जून
फॉर्म पाठवला. प्रश्न अठ्ठेचाळीस. प्रत्येक कामात स्वतःला एक ते पाच तारे द्यायचे. संध्याकाळपर्यंत एकानेही भरला नाही. एकतीस वेळा उघडून बघितलं. नेटवर्कचा दोष.

शुक्रवार, ७ जून
एकवीस फॉर्म आले. सर्वांत जास्त तारे एका नव्या पोराला, प्रत्येक रकान्यात पाच. सगळे त्याला पंचतारांकित म्हणायला लागलेत. जळतात, दुसरं काय. अनुभव आठ महिने, पण आत्मविश्वास वाखाणण्यासारखा. मला माझीच आठवण झाली.
मास्तर आमचे सर्वांत जुने मेकॅनिक. त्यांनी फॉर्म कोराच ठेवला. विचारलं तर म्हणाले, बंद लिफ्टसमोर उभं राहिल्यावर कळतं मला काय येतं ते. असा रकाना नाही. शून्य तारे.

सोमवार, १० जून
डॅशबोर्ड सुरू. आता नाव ॲप सुचवणार, बाईंनी फक्त वाचायचं. बाई म्हणाल्या, बरं. वाद घातला नाही, त्यामुळे दिवसभर चैन पडलं नाही. मास्तरांचं नाव ॲप कधीच सुचवत नाही, म्हणून त्यांना गोदामात नटबोल्ट निवडायला बसवलं. गोदामात डोकावायला मला वेळच होत नाही. जेवताना बायकोने माझा फोन उचलून फ्रीजवर ठेवला. उभ्याने जेवलो.

बुधवार, १२ जून
शंभर टक्के कामं ॲपमधून. तक्रारी तिप्पट, पण त्या आता नीट नोंदल्या जातात म्हणून तसं वाटतं. एका इमारतीत आमचा माणूस येऊन गेल्यापासून लिफ्ट फक्त वर जाते. निम्मं काम पूर्ण, असं नोंदवलं.

गुरुवार, १३ जून. दुपारी ४
सासूबाई गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात जातात. सकाळी तिथली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत सासूबाई आणि एक नर्स. लिफ्ट आमच्याच देखभालीत. ॲपने पंचतारांकितचं नाव दिलं. मी पोचलो तेव्हा तो जिन्यात बसून मोबाइलवर व्हिडिओ शोधत होता.
आतून सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, माणूस कुठला पाठवलाय. म्हटलं, सगळ्यांत जास्त तारे असलेला. त्या म्हणाल्या, मला आता उभं राहवत नाही. आवाज बारीक झाला होता. मी ॲप रिफ्रेश करत राहिलो. दुसरं काय करावं सुचेना.
तासाभराने मास्तर जिना चढून आले. मी बोलावलं नव्हतं. वर मशीनरूममध्ये गेले. सात मिनिटांत दार उघडलं. सासूबाई नर्सच्या खांद्यावर, पांढऱ्याफटक. त्यांनी मास्तरांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. माझ्याकडे बघितलं नाही.
मास्तरांना विचारलं, कुणी पाठवलं. म्हणाले, बाईंनी, पहिला फोन आला तेव्हाच. दोन बस बदलाव्या लागल्या. गोदामातल्या माणसाला कंपनीची स्कूटर नाही. हा नियम मी सोमवारी केला.

शुक्रवार, १४ जून
साहेबांनी विचारलं, ॲपमध्ये बाईंना किती तारे. म्हटलं, त्या ऑफिसच्या, त्यांना फॉर्म पाठवलाच नाही. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. विचारात पडले असावेत. मास्तर परत कामावर, स्कूटरसकट. मला साहेबांनी सांगितलं, बाईंच्या शेजारी बसा आणि काम शिका. ही बढतीची तयारी दिसते. बायकोचं मत घेता आलं नाही, ती कालपासून बोलत नाही.

मंगळवार, १८ जून. दुपारी १.२०
बाई जेवायला गेल्या. फोन पहिल्यांदाच एकट्या माझ्या ताब्यात. लगेच वाजला. एक गृहस्थ पाचव्या मजल्याजवळ लिफ्टमध्ये अडकलेले, पंखाही बंद. मी धीर दिला, ॲप उघडलं, आणि लिफ्टची मोटार कोणत्या प्रकारची आहे ते विचारलं. ते म्हणाले, बाई नाहीत का. म्हटलं, जेवायला गेल्यात, वीस मिनिटं लागतील.
म्हणाले, मग मी थांबतो.