चार नंबरच्या बोअरमधले सोने

दिनांक ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, दुपारी सव्वाचार. कोअर शेडमधली करवत धुऊन पुसली, प्लग काढला आणि लिहायला बसलो. प्लग काढल्याचे पुन्हा एकदा पाहून आलो.

मी, खाली सही करणारा, वय २६, अविवाहित, शिक्षण नववी, कोअर कापणारा कामगार. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरतोस काय, अशी ऑपरेशनं आम्ही रोज करतो." आमच्याकडे ड्रिलचे पाइपही रोज खाली जातात, आणि एखादा अडकतोच. माझे डोके शाबूत आहे. दबाव आहे, तो काकांचा. हे मृत्युपत्र त्या दबावाखाली नव्हे, त्याच्याविरुद्ध लिहिले आहे.

कलम १. घर. दोन खोल्या, मोरी, पत्र्याचे छप्पर. वडिलांनी माझ्या नावावर केलेले. माझ्यामागे ते ताईचे. सहा वर्षांपूर्वी ती सासर सोडून आली, तेव्हापासून तिच्या शिलाई मशीनवर हे घर उभे आहे. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर कुलूप लावून खुशाल फिरायला जावे. कोणाला विचारायचे कारण नाही.

कलम २. घरामागची खडकाळ जमीन. हीसुद्धा ताईचीच. या कलमावरून भांडण होणार, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची कंपनी तांबे आणि सोने शोधते. चौथा बोअर आमच्या जमिनीत घेतला. पोकळ पाइप फिरत खाली गेला की आत दगडाचा गोल दांडा अडकून वर येतो, तोच कोअर. मी तो उभा चिरतो. अर्धा प्रयोगशाळेत जातो, अर्धा पेटीत जपून ठेवतो. शेडच्या दारावर पाटी आहे: अंगठी, बांगडी, साखळी बाहेर काढून ठेवा. खाली डबाही आहे.

कोअर चिरण्याआधी काका 'आपल्या जमिनीचं पोट बघायला' आले. मी म्हणालो, "काका, अंगठी डब्यात ठेवा."

"ही माझ्या लग्नातली. बोटातून निघत नाही. आणि निघाली तरी तुझ्या डब्यात ठेवीन होय?"

मी पेटी उचलायला वळलो. परत पाहिले, तर ते हात मागे बांधून साळसूदपणे उभे होते.

महिन्याने निकाल आला. तांबे थोडे, पण एका नमुन्यात सोने भरपूर. टँकरवाल्याने बातमी गावभर केली. काका चौकात छाती काढून सांगू लागले, "मी तेव्हाच ओळखलं होतं! चमक दिसली तिथं अंगठी घासून रंग जुळवला होता."

हे ऐकून आमच्या भूवैज्ञानिक मॅडमनी कपाळावर हात मारला. पेटीतला दुसरा अर्धा तपासायला पाठवला. तांबे तेवढेच, सोने शून्य. मॅडम स्वतः काकांच्या घरी जाऊन म्हणाल्या, "काका, तुमच्या अंगठीचा कीस दगडाला लागला होता."

"कंपनी लपवणारच," काका म्हणाले.

तेव्हापासून ते कागद घेऊन येतात. परवा म्हणाले, "जमीन माझ्या नावावर कर. बरा होऊन आलास की परत. मी काय परका आहे?"

ताई मशीन न थांबवता म्हणाली, "परके असता तर बरं झालं असतं काका. परक्याला दार लावता येतं."

"पोरीच्या जातीला जमिनीतलं काय कळतं?"

"दगड आहेत, एवढं कळतं. तुम्हाला तेही कळेना."

तर लिहून ठेवतो. सोने निघो, तांबे निघो, नाहीतर नुसती कुसळे उगवोत, जमीन ताईची. पुढे बोअर घ्यायचा तर तिच्या सहीने. काकांची सही चालणार नाही, अंगठाही नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक आणि माझे भिंग ताईला. भिंग सुईत दोरा ओवायला उपयोगी पडेल. ड्रिलवाले मामा साक्षीदार असल्यामुळे त्यांना काही ठेवता येत नाही, म्हणून माझे बूट आजच दिले. म्हणाले, "अरे, एक नंबर लहान आहेत! परत आलास की तुझे तूच घाल." मी परत घेतले नाहीत.

कलम ४. काका. मला नववीतून काढताना त्यांनी सांगितले होते, "दगड वेचायला शाळा कशाला?" त्याबद्दल त्यांना काही ठेवलेले नाही. मात्र त्यांचे देणे बुडवत नाही. खाली पाहावे.

वाचून पाहिले, खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार: १. ड्रिलवाले मामा (सही) २. भूवैज्ञानिक मॅडम (सही)
स्थळ: कोअर शेड, करवतीशेजारचे टेबल. वेळ: पावणेसहा.

खर्च: कागद व झेरॉक्स ४०. साक्षीदारांचा चहा ३०. एकूण ७०.
येणे: काही नाही.
देणे: काकांना, आमच्या दगडावर राहिलेल्या त्यांच्या सोन्याबद्दल. मॅडमच्या अंदाजाने किंमत ४ होते. पाकिटात ५ ठेवले आहेत. ताईने १ परत घ्यावा आणि पावती मागावी.