फोन बंद करू नकोस

संगमनेर, शनिवार दुपार

प्रिय पुष्पावती,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पत्राचा शेवट वाचशील, कोण गेलं ते बघायला. कोणी गेलेलं नाही. निदान अजून तरी नाही. तेव्हा दार लावून घे आणि पहिल्यापासून वाच. कादंबऱ्या मागून वाचायची तुझी खोड आज आवर.

तू म्हणशील, फोन असताना याला कागद का सुचला? बाई, तुझ्या हातातला फोन दूध संघाचा आहे, माझ्या हातातलाही संघाचाच, आणि संघाच्या प्रत्येक फोनवर कोणाची नजर असते ते तुला ठाऊक आहे: माझी. संस्कृतात एम.ए. झालेल्या माणसाला काय काम द्यावं हे कोणालाच न सुचल्यामुळं मला आधी आवक-जावक दिली, मग संगणक, आणि आता केंद्रप्रमुखांपासून टँकरचालकांपर्यंत सगळ्यांचे मोबाईल. कोणत्या फोनवर काय चालावं, त्यातलं काय बाहेर जाऊ नये, हरवला तर इथून कुलूप कसं घालावं, पुसून कोरा कसा करावा, सगळं माझ्या टेबलावरच्या एका पडद्यावर. न्यायशास्त्राच्या तासाला आपण डोंगरावरचा धूर बघून अग्नीचं अनुमान करायला शिकलो. आता मी नकाशावरचा ठिपका बघून माणसाचं करतो. प्रगती म्हणायची.

फोनवर कोण काय बोललं ते मला ऐकू येत नाही, पण कोणी कोणाला कधी फोन लावला ते उमटतं आणि मग पुसता येत नाही. गेल्या आठवड्यात तू मला लागोपाठ फोन केलेस. पाऊस झाला, तुझा गुडघा झाला, माझी शुगर झाली, आणि मग अगदी सहज विचारलंस, "काय रे, सिम काढलं की फोनचा पत्ता लागत नाही ना? शेजारच्या टेलरची पोरगी विचारत होती." पुष्पा, तुझ्या शेजारी टेलर नाही. एका अंगाला चिंच आहे आणि दुसऱ्या अंगाला, भिंतीला भिंत लागून, तू सांभाळतेस ते दूध संकलन केंद्र. मी मुकाट्यानं पुन्हा तुझ्या गुडघ्यावर आलो.

खोटं तुला कधी जमलंच नाही. कॉलेजच्या वसतिगृहात तू ट्रंकेत लंगडं मांजराचं पिल्लू ठेवलं होतंस. रेक्टरबाई तपासणीला आल्या तेव्हा तू धातुरूपं म्हणत बसलीस, चेहऱ्यावर नुसतं पावित्र्य. सगळं निभावलंही असतं, पण पिल्लू ओरडलं. बाईंनी ते शिपायाकडं दिलं, "लांब सोडून ये" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्रवरेच्या कडेला आपल्याला ते मरून पडलेलं दिसलं. वर्ष संपेपर्यंत तू बाईंना नमस्कार केला नाहीस. वर्गात आपण दोघंच होतो. त्या दिवशी तास झाला नाही.

आता इकडची बातमी. आमच्या गुणवत्ता विभागातली ज्योती तुला माहीत आहे. दुधाचे नमुने तपासायला तुझ्या केंद्रावर यायची आणि तू तिला जेवल्याशिवाय सोडायची नाहीस. तिचं लग्न रविराजशी झालं, म्हणजे आमचे संचालक आप्पासाहेब यांच्या पुतण्याशी. तेव्हापासून तालुक्यातल्या गायी तिच्यावर फारच चिडून असाव्यात. आज एकीनं मनगटाला मारलं, पुढच्या आठवड्यात दुसरीनं कानाखाली. ही अख्खी इमारत दुधावर जगते. गाय कुठं लाथ मारते आणि कुठं मारू शकत नाही हे शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना कळतं. सगळ्यांनी गायीलाच दोष दिला.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, संघाच्या फोनातले फोटो दुसरं कोणी पुसू शकतं का?" मी म्हटलं, "मी पुसू शकतो. पुसणार नाही." तिनं मान डोलावली आणि गेली. तिचा स्वतःचा फोन रविराजनं लग्न झाल्या झाल्याच भिंतीवर फोडला होता. संघाचा मात्र त्याला फोडता येईना, काकांना उत्तर द्यावं लागलं असतं. त्या घरात ज्याच्यावर त्याचा हात उठत नव्हता अशी वस्तू तेवढीच.

या सोमवारी ती कामावर आली नाही. घरीही नव्हती. दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब स्वतः माझ्याकडं आले, मागं रविराज. "सर, फोन संघाचा हाय ना? मग तो कुठं हाय ते संघाला कळाया नको व्हय?" तर्क बिनचूक होता. मी पडदा त्यांच्याकडं वळवला: सिम काढलेलं, फोन गप्प, शेवटचं ठिकाण संगमनेरचं बसस्थानक. तेव्हा तसंच होतं. रविराज हसून म्हणाला, "लई काळजी वाटती हो सर." त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजलेली होती. त्यालाही गायीनंच मारलं असेल.

मग त्याला कोणीतरी आणखी एक सोय सांगितली. फोन घरातच कुठं सांदीत पडला असला तर सापडावा म्हणून तो इथून वाजवता येतो. आवाज बंद केलेला असला तरी मोठ्यात मोठ्या आवाजात वाजतो, कोणी हातात घेऊन गप्प करेपर्यंत. रविराज दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "सर, तुमी फक्त गाव सांगा. तिथं पोचलो की मी कळवतो, मग तुमी वाजवा. कुठल्या घरात हाय ते माझं मी ऐकतो." आप्पासाहेबांनी कौतुकानं त्याच्याकडं बघितलं. मला ट्रंकेतलं पिल्लू आठवलं.

गुरुवारी ठिपका पुन्हा उमटला. सिम नसताना उमटला, कारण संघाच्या सगळ्या केंद्रांवर आणि इथं ऑफिसातही वाय-फाय एकाच नावाचं आहे आणि त्याचा पासवर्ड प्रत्येक फोनात आधीच घातलेला आहे, माणसांना लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून. फोन केंद्राच्या आसपास चालू झाला की आपल्या आपण जोडला जातो आणि मी इथं आहे म्हणून मला सांगतो. बिचारीनं फोटो बघायला चालू केला असेल. ठिपका कर्जतच्या अलीकडं आहे. एका अंगाला चिंच, दुसऱ्या अंगाला भिंतीला भिंत लागून संकलन केंद्र. इतकी वर्षं तू बोलावत राहिलीस आणि मी तुझं घर बघायला आलो नाही. गुरुवारपासून दुसरं काही बघत नाही. दर वेळी बघितलं की माझं नाव नोंदलं जातं. ते जाईल तिथं जाईल. आप्पासाहेबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, पण त्यांचाही धीर सुटलाय. "सरांना जमत नसंल तर जमणारा आणू," म्हणाले. सोमवारी सकाळी पुण्याच्या कंपनीचा माणूस येऊन माझ्या खुर्चीत बसणार, आणि रविराज त्याच्या शेजारी.

म्हणून हे पत्र. फोन बंद करू नकोस. फोडू नकोस, विहिरीत टाकू नकोस. तो मेला तर नकाशावर शेवटचं ठिकाण म्हणून तुझंच घर राहील. मागचा सगळा प्रवास दिसायची सोय जादा पैशांची होती, संचालक मंडळानं घेतली नाही. त्यांच्या काटकसरीचा एकदा तरी कोणाला उपयोग होऊ दे. मी तो इथून कोरा करू शकतो, पण त्यात ज्योतीनं काढलेले तिच्या जखमांचे फोटो आहेत, आणि काल रजा टाकून नगरला, घरात छळ होणाऱ्या बायकांच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकारी बाईंना भेटलो तर त्यांनी आधी तेच मागितले. (अहिल्यानगर म्हणायला हवं, जीभ अजून वळत नाही.) फोटो त्या फोनातून कुठं पाठवता येणार नाहीत, स्क्रीनशॉटही निघणार नाही. ती कुलपं मीच लावलीत आणि दुर्दैवानं चांगली लावलीत. तेव्हा संघाचा नसलेला एखादा फोन घे, तिचा एकेक फोटो उघड आणि वरून त्याचा फोटो काढ, तारखेसकट. हे झालं की संघाचा फोन पूर्ण चार्ज कर आणि चालू ठेवूनच, फडक्यात गुंडाळून, दुधाच्या नमुन्यांच्या पेटीत तळाशी ठेव. हे पत्र आणणारा टँकरवाला भिमाजी रविवारी दुपारी ती पेटी घेऊन निघेल. त्याला मी एवढंच सांगितलंय की पेटी जपून आण. तो गेला की ज्योतीला घेऊन लगेच नगरची एसटी धर. बाईंचा पत्ता मागच्या बाजूला आहे, त्या वाट बघतील. रात्री घरी परतू नकोस, कारण टँकर वाटेत बंद पडला तर सोमवारी माझ्या हातात काही नाही. पण भिमाजी पोचला, तर नेहमीप्रमाणे तो पेटी प्रयोगशाळेत ज्योतीच्या टेबलावर ठेवील आणि ठिपका आमच्याच आवारात येऊन उभा राहील. मग रविराज म्हणेल, वाजवा. तो माणूस बटण दाबेल. आणि त्या रिकाम्या टेबलावरून तो फोन असा ओरडेल, पुष्पा, की गायीला दोष देणाऱ्या अख्ख्या इमारतीला ऐकावं लागेल. मी उठून तो गप्प करणार नाही.

तुझाच,
सोमवारपर्यंत कान देऊन बसलेला
कानिफनाथ