हीटर आणि गोधडी

नोव्हाय, मार्च २००६, शनिवार संध्याकाळ

सूनबाई, मी बोलते तसंच लिही, सुधारत बसू नकोस.

काल आपल्या या परदेशातल्या गावची ज्युनियर आइस हॉकी टीम हरली. बाद फेरीतून बाहेर, म्हणजे सीझन संपला. पोरं बर्फावर माना खाली घालून उभी होती, त्यांच्या आया डोळे पुसत होत्या. मला काही रडू आलं नाही. ती काळी चकती मला अजून धड दिसत नाही. लोक ओरडले की मी ओरडते.

पण ती गोधडी. त्या बर्फाच्या रिंकमध्ये बसून हाडं गोठतात, म्हणून मी माझी जुन्या लुगड्यांची गोधडी नेते. शुक्रवारी मॅच असली की प्रकाश शेजारी बसतो आणि अर्धी आपल्या गुडघ्यांवर ओढून घेतो. आठवडाभर माझा लेक गाड्यांच्या कंपनीचा, तेवढा वेळ माझा. मधेच विचारतो, "आई, कळतंय ना?" मी म्हणते, "तुझ्यापेक्षा जास्त."

काल हरल्यावर गोधडीची घडी त्यानेच घातली. म्हणाला, "आता धुऊन ठेवू. पुढच्या सीझनपर्यंत लागणार नाही."

लागणार नाही म्हणे.

आज तो कॉम्प्युटरपाशी होता. मी म्हटलं, "प्रकाश, थंडी वाजतेय रे." उठला, हीटर वाढवला आणि परत जाऊन बसला. इंजिनिअर केलं ना त्याला, दुसरं काय सुचणार?

हसू नकोस सूनबाई, हेही लिही. बघा, सूनबाई लिहिता लिहिता उठली आणि हीटर बंद करून आली. घर गार व्हायला लागलंय. गोधडी मी अजून धुवायला टाकलेली नाही.