उमाचं दीड पान

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. नीरूताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझं बरं आहे, म्हणजे उजव्या हाताचं एक बोट अजून हलतं आणि बाकीची उमा त्याच्या जिवावर चालली आहे. आमच्या शाळेतल्या सुदर्शन सरांनी संगणकावर करून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळतात. हवी ती आली की मी बटण दाबते. एका ओळीला अर्धा तास जातो. हे पत्र चार दिवस लिहिते आहे, तेव्हा लहान असल्याची तक्रार करू नकोस. पंचवीस वर्षं वर्गात भराभर बोलले, त्याची ही फेड असावी.

डॉक्टर म्हणतात, पुढे श्वास पुरेनासा होईल. तेव्हा गळ्याला छेद देऊन यंत्र लावायचं की नाही, ते आताच ठरवा. ह्यांनी सांगितलं, हो असेल तर डोळे मिट. मी भिंतीकडे बघत राहिले. नुसत्या हो-नाहीला मी मुलांनाही कधी गुण दिले नाहीत. मी ह्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे, काय आणि का, दोन्ही. दीड पान झालंय. कारण कळलं नाही तर हे जन्मभर स्वतःला खात बसतील. पूर्ण होईपर्यंत तुलाही सांगणार नाही.

आमचा मिहिर पुण्याहून दिवाळीला येतोय. संगणकातल्या जुन्या सिस्टिमची मुदत संपतेय, नवी टाकली नाही तर चोर शिरतील म्हणतो. माझ्याकडून चोर काय नेणार, अनुस्वाराच्या चुका?

माझी माया पत्राच्या लांबीवरून मोजू नकोस.

तुझी,
उमा

---

उस्मानपुरा
२ नोव्हेंबर २०२५

ती. नीरजाताईंना,
श्रीधरचा सा. नमस्कार वि. वि.

उमाऐवजी माझं अक्षर पाहून घाबरू नका. तिची तब्येत आहे तशीच आहे. संगणक मात्र बंद पडल्यात जमा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मिहिरने नवी सिस्टिम टाकली. उमाचा खुर्चीतच डोळा लागला होता. तिचं पान पडद्यावर उघडं होतं. लिहून संपल्याशिवाय ती सेव्ह करत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि माझ्या लक्षात आलं नाही. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं तेव्हा पान नव्हतं. सगळं इंटरनेटवर सुरक्षित पाठवलंय असं तो सांगत होता, पण तिथेही सापडलं नाही. उमाने डोळे मिटले ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत.

नव्या सिस्टिमला तिचं बटण ओळखू येत नाही. रोज सकाळी पडदाभर एक पाटी येते, मांडणी पूर्ण करायची का विचारते. खाली दोनच पर्याय असतात, आत्ता किंवा तीन दिवसांनी. नको म्हणायची सोयच नाही. रूपाली, म्हणजे दिवसभर उमाचं करणारी आमची बाई, म्हणते की ह्या मशीनला लई माज आलाय. मिहिर पुण्यात बसून इंटरनेटवरून संगणकात शिरून बघतो आणि माझ्याकडून तर सगळं ठीक दिसतंय म्हणतो. उद्या करतो, उद्या करतो, यात दिवस गेले. काल क्रांती चौकातला दुकानदार घरी आणला. तो म्हणाला, दहा दिवसांत जुनी सिस्टिम परत आणता आली असती. काल अकरावा होता. सुदर्शन सर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे नागपूरला आहेत, डिसेंबरात येतील.

तुमचा आशीर्वाद असू द्या, सध्या त्यावरच आहोत.

आपला,
श्रीधर

---

वैजापूर
७ नोव्हेंबर २०२५

रा. श्रीधरराव यांस,
सप्रेम नमस्कार.

रागावले आहे, ते आधी सांगते. चालत्या गाडीचं चाक काढायला मिहिरला कुणी सांगितलं होतं? मावशी काय म्हणाली ते त्याला शब्दन्‌शब्द कळवा. इथं मार्केट यार्डात कांद्याची आवक सुरू आहे, माझ्या देवेशला घराकडे बघायला फुरसत नाही, नाहीतर त्याला घेऊन मीच येऊन बसले असते.

एक ऐका. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठी बाराखडी काढा आणि बोट फिरवा. त्या श्वासाच्या यंत्राबद्दल तिला विचाराच. तिची मास्तरकी मला ठाऊक आहे, लहानपणी बाहुलीलासुद्धा ती कारणं द्यायला लावायची. पण या वेळी हो का नाही, एवढंच काढून घ्या. तिला म्हणावं, ताईची शपथ आहे. हे थांबण्यासारखं नाही.

तुम्हीही दोन घास वेळेवर खा. तुमची काळजी करायचा हक्क मी सोडलेला नाही.

तुमची,
नीरजा

---

उस्मानपुरा
२४ नोव्हेंबर २०२५

ती. नीरजाताईंना,
सा. नमस्कार.

फोनवर मिहिर बोलला, त्यापेक्षा जास्त मला तेव्हा बोलवलं नसतं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे बाराखडी केली होती. तुमची शपथही घातली. पाऊण तास बोट फिरवल्यावर तिच्याकडून एवढंच आलं, की सर आले की पूर्ण सांगीन. मीही जोर केला नाही. खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटत होती. डॉक्टर दोन-तीन महिने आहेत म्हणाले होते, मी ते धरून बसलो.

१४ तारखेला, शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिचा कफ अडकला. रूपालीने हाका मारल्या तोवर ओठ निळे पडले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि पेशंटची इच्छा काय आहे विचारलं. मी म्हणालो, ती लिहीत होती. ते म्हणाले, काय लिहीत होती? मला सांगता आलं नाही. एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, ताई, त्या दिवशी माझी मलाच येईना. मिहिर फोनवर रडत होता, बाबा सही करा म्हणत होता. केली.

आता ती शुद्धीवर आहे, परवा घरी आणलं. यंत्राचा आवाज सगळ्या घरात जातो. ती माझ्याकडे बघते, त्या बघण्याचा अर्थ लागत नाही. मी बरोबर केलं का? तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखता. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा.

मन थाऱ्यावर नाही, कमीजास्त लिहिलं असेल तर पोटात घाला.

आपला,
श्रीधर

---

उस्मानपुरा
२१ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

सुदर्शन सर आले. जुनी सिस्टिम पुन्हा टाकली. माझं पान काही मिळालं नाही. हे औषधं आणायला गेले की रूपाली बटण जोडते. तीच छापेल आणि पोस्टात टाकेल. ह्यांना कळू देऊ नकोस.

माझं उत्तर नको असं होतं. दीड पानात सगळं लिहिलं होतं. यंत्र लावू नका, ही इच्छा माझी आहे, तुमच्याकडे दोष नाही.

सरांनी सुरू करून दिलं त्याच क्षणी हे समोर येऊन बसले. हात जोडून विचारलं, मी बरोबर केलं ना? ओळी उजळत होत्या आणि हे एकेक अक्षर बघत होते. मी लिहिलं, बरोबर केलंत. लहान मुलासारखे रडले. त्या दिवसापासून रात्री झोपतात.

मला फार त्रास होतो, ताई. तुला म्हणून सांगते. यंत्र काढता येतं म्हणतात. पण त्या कागदावरही ह्यांनाच सही करावी लागणार. एका सहीने ते किती म्हातारे झाले, ते मी रोज बघते. दुसरी मागणार नाही.

ते तुझ्या उत्तराची वाट बघताहेत. मी दिलं तेच दे. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणूनच तुझ्यावर विश्वास ठेवतील.

मला जवळ घे.

उमा

---

वैजापूर
२८ डिसेंबर २०२५

रा. श्रीधरराव यांस सप्रेम नमस्कार,
चि. सौ. उमास अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला, माफ करा. इथं थंडीने माझे गुडघे धरले होते. देवेशने शेगडी आणून दिली आहे, ती उबेपेक्षा धूरच जास्त देते. संक्रांतीला तो मला गाडीने तिकडे सोडणार आहे. चांगली महिनाभर राहीन. उमाचे केस मी विंचरीन, रूपालीला म्हणावं तेवढं काम माझ्यासाठी ठेव.

मिहिरला आता कुणी काही बोलू नये. मी बोलले होते तेही परत घेते. पोरानं आईच्या भल्यासाठीच केलं.

तुम्ही स्पष्ट लिहा म्हणालात. उमाला मी ती पाळण्यात होती तेव्हापासून ओळखते. तिची शुद्ध असती आणि तुम्ही विचारलं असतं, तर तिने हो म्हटलं असतं. तुम्ही सही केलीत ती तिच्याच मनासारखी केलीत. यात मला तिळमात्र शंका नाही, तुम्हीही ठेवू नका.

हे पत्र उमाला मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना तिचा हात हातात घ्या, मी येईपर्यंत तेवढं माझ्या वतीने करा.

तुम्हा दोघांची,
नीरजा