अंधारातली ज्वारी आणि सलमाआपा

शुक्रवार, संध्याकाळ. हिंगोली.

सुटले एकदाची! अंधारात वाढवलेल्या ज्वारीच्या कोंबांतून उजेड ओळखणारं प्रथिन वेगळं काढायचं होतं. परवा आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस सलमाआपांनी चुकून त्या खोलीचं दार उघडलं. उजेडात हे प्रथिन कोंबातच नष्ट होत जातं. मी आपांवर ओरडले. काहून ओरडले? दारावर पाटी लावायला तर मीच विसरले होते. दोन दिवस तेच दार डोक्यात.

आज त्याच कोंबांचा रस अँटिबॉडी भरलेल्या नळीतून सोडला. बाकी सगळं वाहून गेलं, आपलं प्रथिन तेवढं अँटिबॉडीनं धरून ठेवलं. ते सोडवलं, तर निळसर थेंब, ह्या प्रथिनाचाच रंग! तशीच धावत आपांकडे गेले.

"माझ्यानं बिघडलं न्हाई ना, पोरी?"

"न्हाई आपा. चूक माझीच होती."

"मंग आज जेवीन मी," त्या म्हणाल्या. दोन दिवस घास न उतरलेली मी एकटीच नव्हते.