शेजारी ठेवलेली पिशवी

बाबा, बँकेनं आज विचारलंय की माझं क्रेडिट कार्ड पुढच्या वर्षीही चालू ठेवायचं का. तुम्ही होता तेव्हा ते माझ्याकडे नव्हतं, म्हणून आधी ते काय प्रकरण आहे ते सांगतो. सतत फिरणाऱ्या आणि खिशानं बऱ्या असलेल्या लोकांसाठी काढलेलं हे कार्ड आहे. ते दाखवलं की विमानतळावर वेगळ्या दालनात सोफ्यावर बसायला मिळतं. त्याला लाउंज म्हणतात. तिथं गरम जेवण, कॉफी, पाय लांब करायला जागा, सगळं असतं. सामान हरवलं तर विमा, विमान रखडलं तर हॉटेल, आणि काही अडलं तर दिवसरात्र फोन उचलणारी माणसं. कंपनीच्या कामासाठी मी नागपूरहून सारखा उडत असतो, म्हणून मला ते मिळालं. हातात आलं तेव्हा मी बराच फुगलो होतो.

खरं तर हे कार्ड तुम्हालाच द्यायला हवं होतं. लाउंजचा फायदा लवकर पोचणाऱ्याला, आणि तुमच्याइतकं लवकर पोचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जवाहरनगरच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. आई दशम्या बांधतेय, तुम्ही कारखान्याच्या बसमधून उतरून तसेच कपडे बदलताय, आणि गाडीला अजून अर्धा दिवस आहे. मग फलाटावर वळकटीवर बसून राहायचं. आमच्यामागून आलेले लोक आपापल्या गाड्या पकडून निघून जायचे. एकदा मी कुरकुर केली, तेव्हा तुम्ही माझ्याकडे न पाहताच म्हणालात, "तुले बसाले काय त्रास होऊन राहिला बे? बुडाखाली वळकटी हाय ना?" मी जाणाऱ्या प्रत्येक गाडीकडे रागानं बघत राहिलो.

आईचीही एक तऱ्हा होतीच. अवसेला ती घरातून निघत नसे. निघणं टळणारं नसलं, तर आदल्या दिवशी तिची पिशवी शेजारच्या क्वार्टरमध्ये ठेवली जाई. म्हणजे प्रवास कालच सुरू झाला, आज फक्त पुढं जायचं. अशी ठेवलेली पिशवी घरात परत आणायची नाही, वाटेतच उचलायची. तुम्ही पंचांगाला हसत होता आणि पिशवी स्वतःच शेजारी पोचवत होता.

तुम्ही गेल्यावर आईनं आपलं गाव, आंधळगाव, कधी सोडलं नाही. कुणाच्या लग्नालाही गेली नाही. तिकीट तुमच्या खिशात नसलं की तिला कुठल्याच प्रवासाचा भरवसा वाटेना. मागच्या पावसाळ्यात बंगलोरहून मावशीचा फोन आला. दोन दिवसांनी सकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि त्याआधी तिला आईला एकदा पाहायचं होतं. आई लगेच म्हणाली, "मी येतो." मी दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढली आणि गावी मुक्कामाला गेलो. तिला भीती वाटू नये म्हणून कार्डाचं सगळं पुराण सांगितलं.

"आन् जेवण फुकटात कायले देतेत?"

"कार्ड आहे म्हणून."

"तुह्या बाबाले तं कोणी चहाबी नाई देल्ला फलाटावर," ती म्हणाली. "पण सकाळीच निघू आपण."

मी म्हटलं, एवढ्या लवकर जाऊन काय करशीन? मग लाउंज आठवलं आणि मी राजी झालो. तिला सोफ्यावर बसवून जेवू घालायचं मी मनात ठरवूनच टाकलं होतं.

सकाळी गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "पिशवी घे." त्या दिवशी अवस होती. पिशवी शेजारच्या काकूंकडे, काकूंच्या दाराला कुलूप, आणि काकू शेतात धानाच्या रोवणीला गेलेल्या. पिशवीत आईचं आधार कार्ड, चष्मा, गोळ्या. आधार कार्डाशिवाय तिला विमानतळाच्या दारातूनही आत सोडलं नसतं. काकू फोन उचलेनात, तेव्हा मी कार्डवाल्यांना लावला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात विचारलं, सामान कोणत्या विमानतळावर हरवलं? मी म्हटलं, हरवलं नाही, शेजारी ठेवलंय. त्यावर ती म्हणाली की हे विम्यात बसत नाही.

शेवटी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बांधांवरून निघालो. धानाच्या पहिल्या बांधीत काकू नव्हत्या, दुसऱ्याही नाही. तलावापलीकडच्या बांधीत एकदाच्या सापडल्या. "किल्ली तं माह्या कंबरेले हाय," त्या वाकलेल्याच म्हणाल्या, "काल पिशवी ठेवली तवा सकाळीच निघतो म्हनून सांगाव तं." आईला वाटलं होतं काकू आज घरी असतील, काकूंना वाटलं होतं आम्ही दुपारी निघू. एवढ्या सकाळी कोण निघतं, हे त्यांचंही म्हणणं होतंच. किल्ली घेऊन मी परत आलो तेव्हा आई गाडीतच बसून होती. पदराचं टोक पिळत होती. मला तिचा राग आला होता, पण तो चेहरा पाहून ओरडता आलं नाही.

आम्ही नागपूरला पोचलो तेव्हा सामान घेणारा काउंटर बंद होत होता. आम्ही त्या रांगेतले शेवटचे. आईला चाकाच्या खुर्चीतून नेताना लाउंजची काच दिसली. "हेच का ते?" आईनं विचारलं. मी हो म्हटलं. "दिसून तं राहिलं," ती म्हणाली, "चाल." संध्याकाळी मावशीनं तिचा हात धरला आणि झोप लागेपर्यंत सोडला नाही. मावशी आता बरी आहे, पण ते त्या रात्री कुणालाच माहीत नव्हतं.

परतताना मी कसर भरून काढायला बंगलोरच्या विमानतळावर इतका लवकर पोचलो, की लाउंजच्या मुलीनं कार्ड परत दिलं. विमानाला ठरावीक तासांपेक्षा जास्त वेळ असला तर आत घेत नाहीत म्हणे. मग बाहेरच्या खुर्च्यांवर बसून आईनं मावशीकडच्या दशम्या सोडल्या. खाता खाता ती म्हणाली, "तुह्या बाबाची एकदा साकोलीले बस चुकली. दुसरी भेटली, पण घरी पोचला तं तुह्या आजीले मसनात नेऊन झालं होतं. तोंड नाई दिसलं मायचं. तवापासून तसा झाला तो."

हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही. मी बराच वेळ हातातली दशमी तशीच धरून बसलो. फलाटावरची वळकटी आठवली आणि त्या गर्दीत मला रडू आलं. आईनं पाण्याची बाटली पुढं केली आणि दुसरीकडे पाहत राहिली.

बँकेला आज हो कळवलं. ऑफिसातले लोक विचारतात, एवढ्या लवकर विमानतळावर काय करतोस? मी म्हणतो, लाउंज आहे ना कार्डावर. ते खोटं आहे, बाबा. मी बहुतेक वेळा बाहेरच्या खुर्चीवरच बसतो, जिथून विमानांचा फलक दिसतो.