भाव येईल म्हणून

बाबा, आज सकाळी मोठ्या पोरीच्या फीचे अर्धे पैसे माझ्या हातून गेले. नर्सिंगला आहे ती, सोमवारी फी भरायची आहे. उरलेले अर्धे अजून खात्यात आहेत आणि मला भीती त्यांचीच जास्त वाटते, कारण गेलेले आजच्या आज परत मिळवावेत म्हणून हात सारखा शिवशिवतो आहे. पुसदच्या या दोन खोल्यांत बसून मी सकाळी शेअर घेतो आणि बाजार बंद व्हायच्या आत विकतो, हाच माझा धंदा. भाव ठरवलेल्या आकड्याखाली गेला की सौदा आपोआप कापला जावा, अशी स्टॉपलॉसची सोय असते. ती मी रोज लावतो. आज भाव अगदी तिथवर आला आणि मी ती स्वतःच्या हाताने काढून टाकली. म्हटलं, येईल वर. आला नाही. तेव्हा तुम्ही आठवलात.

ते वर्ष आठवतं का, समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला होता ते? होळी होऊन गेली, ऊन तापलं, तरी तो तिथेच. त्यातल्या किडीने आम्हा भावंडांच्या अंगावर गांध्या उठल्या, खाजवून खाजवून दंड सोलले. आई म्हणायची, "इकून टाका न आता. लेकराइचं आंग पाहा कसं झालं." तुमचं एकच, "कायले घाई करून राह्यली? भाव येईन." एकदा गाडी भरून बाभुळगावला नेलीत, मी सोबत होतो. व्यापाऱ्याने कापसात हात घालून भाव सांगितला आणि तुम्ही भरलेली गाडी परत फिरवली. वाटेत चहाला थांबलो, तर तुमच्या हातातली बशी हलते आहे, चहा पायजम्यावर सांडतो आहे. मला वाटलं, राग आहे. पुढे कितीतरी वर्षं मी तुम्हाला हट्टी म्हणत आलो. आज सकाळी स्क्रीनसमोर माझा हात तसाच हलत होता, तेव्हा कळलं, तुम्ही घाबरला होतात. विकलं नाही तोवर तोटा झालाच नाही असं म्हणता येतं. विकलं की तो घरात येऊन बसतो.

शेवटी पावसाच्या तोंडावर तुम्ही तो त्याहूनही कमी भावात विकलात आणि खोली स्वतः झाडून काढलीत. पुढच्या हंगामात अर्धा कापूस वेचल्याबरोबर देऊन टाकलात, आणि नेमका त्यानंतर भाव चढला. आईने चिडवलं, "आता कोनाले बोल लावता?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "जाऊ दे. झोप तं लागते न." मला तेवढंच जमत नाही. तोटा थोडा असतानाच घ्यावा, एका सौद्यात सगळं लावू नये, हे मी पैसे भरून शिकलो, वर चार लोकांना शिकवतोही.

मघाशी फोनवर पाहिलं, तर तोच शेअर चढत होता. उरलेलं सगळं लावलं तर सकाळचं निघून येईल असं मन म्हणतं. आणि नाही निघालं तर पोरीला काय सांगू? तेवढ्यात ही चहा घेऊन आली.

"काय झालं जी? तोंड काहून उतरलं?"

"काही नाही."

"फीचे पैसे काढून ठेवले न?"

मी हो म्हणालो आणि फोन तिच्या हातात दिला. "बंद कर अन् तुह्यापाशीच ठेव. मी मांगितला तरी चार वाजेपर्यंत देऊ नको." तिने फोन बंद केला, पण आत गेली नाही. समोरच बसली आहे. चहा निवून गेला. बाजार बंद व्हायला अजून वेळ आहे.

"कोनाले लिहून राह्यले एवढं?" तिने आत्ताच विचारलं.

बाबा, खरं सांगतो, तुमची आठवण आली म्हणून मी एवढं लिहीत बसलो नाही. मान वर केली तर तिला सांगावं लागेल.